पित्याला 'तुम्ही'

पप्पांचं हृदयाचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं. आदल्या संध्याकाळी नळदुर्गच्या आमच्या घरी प्रार्थना ठेवली होती. चर्चच्या मंडळीतली माणसं सलाम करत आत येत होती, पप्पांकडे एकदाच बघून नजर सतरंजीकडे वळवत होती. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून बसले होते, जणू पाहुणे तेच.

मला एक भीती उद्याची होती. दुसरी, सांगायला लाज वाटते, साखळी प्रार्थनेची होती. गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एकेकानं स्वतःच्या शब्दांत मोठ्यानं प्रार्थना करायची. एकाचं आमेन झालं की शेजारच्यानं पुढं सुरू करायचं. चर्चमध्ये उपासनेचं पुस्तक असतं. कधी उठायचं, काय म्हणायचं, सगळं ठरलेलं, आणि माझा आवाज सगळ्यांच्या आवाजात बुडून जातो. शाळेतली प्रार्थनाही पाठ होती, इंग्रजीत. मराठीत, मनानं, लोकांदेखत मी देवाशी कधी बोलले नव्हते.

"हिचा नंबर आला की मी एक डुलकी काढते," आत्या म्हणाली. ती पप्पांची थोरली बहीण. मग माझ्याकडे वळून, "इंग्लिशमधी केलीस तरी चालंल गं. देवाला येतं. आमालाच येत न्हाय."

सगळे हसले. पप्पाही.

गीत झालं, चर्चच्या पाळकांनी स्तोत्र वाचलं आणि साखळी सुरू झाली. मी मनात तीन वाक्यं तयार ठेवली होती. 'डॉक्टरांच्या हाताला यश दे' हे पाळकांनीच म्हणून टाकलं. 'घरच्यांना धीर दे' शेजारच्या काकूंनी नेलं. उरलेलं आत्यानं घेतलं. "माझ्या पाठच्या भावाला अजून आयुष्य दे रे बापा," म्हणत ती मध्येच रडली. देवाशी सगळे असंच बोलतात. 'तू' म्हणतात, 'रे' म्हणतात. मग आत्याचं आमेन झालं. हायवेवरून एक ट्रक गेला. त्यानंतर काहीच ऐकू येईना, तेव्हा कळलं, सगळे माझ्यासाठी थांबलेत.

"हे पित्या," मी म्हणाले. पुढं आला तो शब्द 'तुम्ही'. घरात मी वडिलांना तुम्ही म्हणते. घाबरलेल्या तोंडाला दुसरं वळणच सुचलं नाही. "तुम्ही आमच्याजवळ असा. तुम्हाला सगळं माहीत आहे. मला फार भीती वाटते. तुम्ही..." इथं 'त्यांना परत आणा' असं म्हणायचं होतं.

"तुम्ही परत या," मी म्हणाले.



"येतो की," पप्पा म्हणाले.

कोपऱ्यावरून दूध आणायला निघताना म्हणतात, तसं. मी डोळे उघडले. त्यांचे मिटलेलेच होते, पण बोटं बाहीची गुंडी काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती. आठवडाभर तेच सगळ्यांना धीर देत होते. ते घाबरलेत का, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. शेवटी पाळकांनी म्हटलं. चहाच्या वेळी आत्यानं माझी थट्टा केली नाही, त्यानं मी आणखीच घाबरले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी नीट प्रार्थना करायचा प्रयत्न केला. 'तू' घालून वाक्यं जुळवली. पण 'पित्या' म्हटलं की ती गुंडी दिसायची आणि वाक्य तिथंच तुटायचं. ऑपरेशन झालं, एवढंच कुणीतरी सांगून गेलं. संध्याकाळी नर्सनं मला आणि आत्याला आत बोलावलं. पप्पांच्या तोंडात नळी होती, चेहरा सुजलेला.

"अजून शुद्ध आली नाही," ती म्हणाली. "पण बोला त्यांच्याशी."

आत्यानं मला पुढं ढकललं. "तूच बोल. तुला जबाब देतो त्यो."

मी वाकले. "तुम्ही परत या," मी म्हणाले, आणि नेमकं कुणाला म्हणाले ते मलाही सांगता आलं नसतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग चादरीवर त्यांची बोटं जराशी हलली, काहीतरी चाचपडल्यासारखी.

"आमेन," आत्या पुटपुटली.

मी थांबले होते. त्यांचं 'येतो की' अजून यायचं होतं.