चाकातली रेघ

महाडच्या एका कारखान्यात मी अॅल्युमिनियमचे ओतीव भाग तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून माझी जीभ तिखट झालीय, असं घरचे म्हणतात. म्हणोत. पण गणपतीत पोलादपूरच्या वर आमच्या वाडीवर गेलो, तेव्हा दादाच्या मोटारसायकलच्या मागच्या अॅल्युमिनियमच्या चाकात, एका आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली आणि मी ती सोडून दिली. ओरखडा असेल, म्हटलं. आतून मोदकांचा वास येत होता.

परत आल्यावर मात्र जीव थाऱ्यावर राहिना. धातू ओतताना आत बुडबुडा अडकतो, तिथून अशी रेघ सुरू होते. एका दणक्याने काही होत नाही. ती खड्ड्याखड्ड्याला कणाकणाने सरकते. साधं लोखंड निदान वाकून सांगतं. हे ओतीव अॅल्युमिनियम शेवटपर्यंत गप्प, मग एकदम काडकन. आणि दादा रोज दुधाचे दोन कॅन लादून तो खडबडीत उतार उतरतो. फोन केला की एकच उत्तर, "गाडी झक्कास हाय!"

दसऱ्याला पोचलो, तर त्याने चाकांना ताजा चंदेरी रंग फासलेला. रेघ गायब. गाडीला झेंडूचा हार, आणि पाने-पकडीसुद्धा हळदकुंकू लावून पाटावर मांडलेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच गाडीवरून तो वहिनीला कशेडी घाटापलीकडे माहेरी नेणार होता.

मी पाटावरचा पाना उचलला.

"आरं, आज हत्याराला हात लावायचा नाय!" दादा ओरडला.

"पाप लागलं तर मला लागू दे," मीही ओरडलो.

ब्लेडने रंग खरवडला. डिझेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वर वहिनीची पांढरी रांगोळी भुरभुरवली. फटीत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर आलं. रांगोळीवर ओली रेघ उमटली, ती आऱ्याला जवळजवळ वळसा घालून गेलेली.

"चालंल रे अजून चार महिने," दादा म्हणाला. "का दूध तू खांद्यावर नेशील?"

"नेईन."

चाक सोडवलं आणि वाद मिटावा म्हणून त्या आऱ्यावर हातोडा घातला. जोर लावावाच लागला नाही. मोडलेल्या तोंडावर सगळीकडे जुना काळा मळ होता. ताजा चकाकता धातू फक्त एका कडेला, करंगळीच्या नखाएवढा.

"एवढ्यावर तग धरून होता तो," मी म्हटलं. पिशवी भरता भरता वहिनी मटकन ओट्यावर बसली. दादा उकिडवा बसून त्या चकाकत्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिला.

मला राग आला होता, भीती वाटत होती, पण सगळ्यात जास्त लाज वाटत होती. शेवटी बोललो, "दादा, ही रेघ मला गणपतीतच दिसली होती."

त्याने मान वर केली नाही.

"मंग तवाच बोलायचास ना रे."