खोटा हुंकार

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. एका मोठ्या कंपनीची एजन्सी मिळाली होती आणि तिचा मला नको इतका अभिमान होता. टेबलावरचे कॉम्प्युटर बनवणाऱ्या या कंपनीनं एकदा अचानक खिशात मावणारं गाण्याचं यंत्र काढलं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, आत बारकी हार्ड डिस्क. हातात धरलं की ती फिरतेय हे तळव्याला कळायचं. कॉम्प्युटरला वायर जोडायची, सीडीवरची गाणी आत भरायची आणि चालू पडायचं. दाखवायला म्हणून दुकानात एक नग आला. तो मी काचेच्या कपाटात मांडला आणि गिऱ्हाइकांची वाट बघत बसलो.

पहिल्यांदा तो हातात घेतला कळंब्याहून आलेल्या एका गृहस्थानं. उलटासुलटा करून म्हणाला, "पावणं, ह्याचा आवाज कुठनं येतोय?"

"कानात येतो. एकट्यानं ऐकायचं."

"मग बाकीच्यांनी काय करायचं?"

मी हसलो आणि मनातल्या मनात त्याला अडाणी ठरवून टाकलं. आमच्याकडं लग्न असो की घरात आणलेला नवा टेप, गल्लीला ऐकू गेल्याशिवाय वाजवल्यासारखं वाटत नाही. असल्या गावात ते यंत्र कोण घेणार? एकही खपलं नाही. शेवटी तो नग मीच घरी नेला.

घरी आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. बायको शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी भाकरी थापताना दिवसभराचं सगळं सांगायची. कुणी डबा आणला नाही, हेडबाई कुणावर डाफरल्या, फळ्याचा रंग कसा उडालाय. तिचं माहेर कुरुंदवाडचं. त्या घरात कुणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं हुंकार भरायचा, हा नियमच. हुंकार थांबला की सांगणारा गप्प. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला तो शिकवला होता. "नुसतं तोंडाकडं काय बघताय? हूं म्हणा की!"

खरं सांगायचं तर मला त्या शाळेचा कंटाळा आला होता. दिवसभर गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लेलं असायचं. थंडीचे दिवस होते, कानाला मफलर असायचाच. मी त्याच्याखाली दोन्ही कानांत इयरफोन घालून स्वयंपाकघरात बसायला लागलो. तिचं तोंड तव्याकडं असायचं. ती हलायची थांबली, मान जरा वळली, की मी म्हणायचो, "हूं." माझ्या हुशारीवर मी खूश होतो. असा महिना-दीड महिना गेला.

मग एका दुपारी डॉक्टरांचा दुकानात फोन आला. बायकोच्या छातीत गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, सही करायला या. मी धावतपळत दवाखान्यात गेलो आणि कॉटजवळ उभा राहून तिच्यावरच ओरडलो, "मला आधी सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली, आणि तिनं पाणी मागितलं.

काय सांगितलं होतं? कधी? विचारायचं तर मफलरखालची चोरी कबूल करावी लागणार. मी भित्रा माणूस, विचारलं नाही. ऑपरेशन झालं, ती बरी झाली आणि पुढं बरीच वर्षं जगली. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण भाकरी थापताना सांगणं तेवढं बंद झालं. मी उघड्या कानांनी समोर बसायचो. "आज शाळेत काय झालं?" विचारलं की म्हणायची, "काय न्हाय, नेहमीचंच." आणि तव्यावरची भाकरी उलटायची.

दोन वर्षांपूर्वी ती झोपेतच गेली. आता मी एकटा आहे आणि मला एकटं वाटतं, हे लिहायची लाज वाटत नाही. घरात दिवसदिवस माणसाचा आवाज नसतो. त्या गाठीचं ती मला काय म्हणाली होती, एवढं एकच मला हवं होतं, आणि ते सांगणारं कुणी उरलं नाही असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात रक्तदाब तपासायला त्याच दवाखान्यात गेलो. नंबर लावणाऱ्या भाभी तिथं कधीच्या आहेत. मला बघून म्हणाल्या, "बाईंचे मालक न्हवं तुम्ही? माझ्या पोरीला शिकवलंय त्यांनी." मी मान हलवली. त्यांना बोलायची हौस दिसली. मी शेजारच्या बाकावर बसलो.

"गाठ दाखवायला पहिल्यांदा आलत्या ना, तो दिवस अजून ध्यानात हाय बघा," भाभी सांगू लागल्या. "एकट्याच आलत्या. नंबर आला तरी आत जाईनात. मागच्याला सोडा म्हणाल्या. असं करत तीन पेशंट पुढं सोडलं. डॉक्टर निघायला लागलं तवा मीच म्हटलं, बाई, जावा आता आत. तर दाराकडंच बघत बसलेल्या. म्हणाल्या, थांबा की जरा भाभी. येतो म्हणालेत ते."