मुळासकट

"खैर मुळासकट नत्थूचा," वाटणीच्या दिवशी बाप चार पंचांसमोर बोलला होता. जमीन थोरल्याकडे गेली अन् धुऱ्यावरचा, शेताच्या बांधावरचा, खैर तेवढा नत्थुजीला आला. तो त्याला पुरला. अंजनगावच्या बाजारात मातीच्या चिलमी ढिगानं मिळायच्या, पण गाडीवानांना पाहिजे नत्थुजीचीच, खैराची. अंगावरून चाक गेलं तरी फुटायची नाही. वाळकी फांदी तोडायची, वर्षभर राखेत पुरायची, तापल्या सळईनं भोक पाडून आत मातीचा लेप द्यायचा. पहिला झुरका त्याचा स्वतःचा. लाकूड कडवट लागलं की चिलीम चुलीत.

यंदा आखाजीला तो लेकीकडे अकोल्याला गेला. परतला तर धुऱ्यावर नुसतं ऊन. पुतण्यानं, खुशालरावानं, खैर तोडून वीटभट्टीत घातला होता. धुराही नांगरला होता, अन् पाऊस पडताच तिथं कपाशीच्या चार ओळी वाढवल्या. सातासमुद्रापार गोऱ्यांची आपसात लढाई लागली होती म्हणे, अन् इकडं वऱ्हाडात कापसापायी माणसं येडी झाली होती.

नत्थुजी भांडला नाही. पुतण्याच्या दारात पाय मात्र ठेवला नाही. राग ओल्या गोवरीसारखा पोटात धुमसत राहिला.

दसरा झाला, कपाशी बोंडावर आली, तेव्हा खुशालराव नवा फेटा बांधून स्वतःच आला.

"काकाजी, अमरावतीच्या कापसाच्या अडत्याले तुमची चिलीम लय आवडली. बारा पायजेत. मी शब्द देऊन बसलो."

"कायच्या करू? तुया फेट्याच्या?"

"कावून चिडता? बाभूळ हाय, निंब हाय. लाकूड ते लाकूड! तेल चोपडलं का कोणाले कळते?"

"मंग अडत्याले सावरीचा कापूस दे ना बापा," चुलीपाशी बसलेली काकू, सुभद्रा, म्हणाली. "कापूस तो कापूस!"

नत्थुजी उठला. कोपऱ्यातली कुदळ खांद्यावर टाकली अन् सरळ वावराची वाट धरली. खुशालराव मागं मागं.

"ही कपाशी कोणाची?" धुऱ्याच्या जागी उभं राहून नत्थुजीनं विचारलं.

"माही."

"अन् खालचं मूळ?"

खुशालरावानं कुदळीकडं पाहिलं. आजोबाचा शब्द त्याला आत्ता आठवला. त्यानं झाड तोडलं होतं, मूळ नव्हतं उपटलं.

"काकाजी, पंधरा दिसांवर कापसाचा वेचा आला! बोंडं फुटून राहिली. मंग घ्या ना!"

"माह्या खैराले पुसलं होतं काय तू, थांबू का म्हणून?"

पहिल्याच घावाला तीन झाडं बोंडांसकट आडवी झाली. खैराचं मूळ काही एका जागी बसत नाही. ते धुऱ्याखालून लांब पसरलं होतं. नत्थुजी त्याच्या मागं मागं खणत गेला. दिवस कलला तेव्हा चारही ओळी मातीत लोळत होत्या अन् नत्थुजीच्या खांद्यावर माणसाच्या मांडीएवढं लालभडक मूळ होतं.

घरी येऊन त्यानं ते राखेत पुरलं.

"अन् बारा चिलमी?" खुशालराव दारातूनच कण्हला.

"राखेत हायेत. पुढच्या दसऱ्याले ये. पहिला झुरका घेतो, मंग सांगतो कोणाले द्याच्या ते."