ताट झाकून ठेवजो

आमच्या घरी भाऊबीज दरवर्षी अडकायची. सण नव्हे, गाणं. आमच्याकडे दिवाळीवरच्या एका सिनेमाची व्हीसीडी होती. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतची गोष्ट, प्रत्येक दिवसाचं एक गाणं, आणि शेवटच्या गाण्यात नायिका दारात उभी राहून भावाची वाट बघते. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ झाली की ती तोंड उघडं ठेवून तशीच थिजायची, आवाज बंद व्हायचा, आणि सात-आठ सेकंदांनी भाऊ एकदम बैलगाडीतून उतरताना दिसायचा. आम्ही डिस्क पुसून बघितली, टूथपेस्ट चोळून बघितली, शेवटी बाबांनी दुसरी आणली. तीही तिथेच अडकली. तेव्हा कळलं की कंपनीने मुळातच ती तशी काढली आहे.

त्या सात-आठ सेकंदांत आई गायची. ती बहुतेक स्वयंपाकघरात असायची, हात पिठात नाहीतर कढईशी. टीव्ही गप्प झाला की आतून तिचा आवाज यायचा, चाल न चुकता, अगदी त्याच पट्टीत:

शेवटची गाडी गेली ग बाई, ताट झाकून ठेवजो...

तिचा ‘ठेवजो’ संपायला आणि पडद्यावर भाऊ उतरायला एकच गाठ पडायची. बाबा तेव्हा कागदाच्या गिरणीत नोकरीला होते. लग्न होऊन आई गिरणीच्या कॉलनीत आली त्या वर्षी मराठी मंडळाने मैदानात पडदा बांधून हा सिनेमा दाखवला होता. तिने तो अख्खा पाहिलेला, त्यामुळे हरवलेली ओळ तिला पाठ असणार, हे आम्ही धरूनच चाललो. मी तरी कधी विचारलं नाही. पुढे बाबा निवृत्त झाले, आम्ही बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात राहायला आलो, बाबा गेले, धाकटा भाऊ नोकरीसाठी नाशिकला गेला. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात टीव्हीचा आवाज वाढवून आई आणि मी दर दिवाळीला तो सिनेमा बघतच राहिलो.

आई गेली त्याला दीड वर्ष झालं. मी रडले नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजूनही नाही. तेराव्याला कोणाला किती पोळ्या लागतील ते मी बघितलं, मृत्यूच्या दाखल्यावर तिचं नाव चुकलं होतं ते दोन चकरा मारून दुरुस्त करून घेतलं, आणि पंधराव्या दिवशी शाळेत शिकवायला गेले. शेजारणी म्हणायच्या, रडून घे, मन हलकं होईल. माझं मन जड नव्हतंच. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल होतो तसं काहीतरी झालं होतं, आणि सुईचा असर उतरत नव्हता. मला त्याचा रागही येत नव्हता, हे जास्त विचित्र होतं.

पहिल्या दिवाळीला डिस्क लावायचं धैर्य झालं नाही. म्हणून मोबाईलवर ते गाणं कुठे पूर्ण मिळतं का ते शोधलं, आणि शोधता शोधता त्या सिनेमाच्या चाहत्यांचा ग्रुप सापडला. जगात असे लोक आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. शंभरावर माणसं, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. व्हीसीडीत चित्राच्या दोन्ही बाजू कापल्यात, आकाशकंदील अर्धाच दिसतो. रंग धुतलेल्या कपड्यासारखे विटलेत. आणि भाऊबीज अडकते. टीव्हीवर दाखवतात त्यात ते गाणंच नाही, कॅसेटमध्ये ते कडवं नाही. सिनेमाचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिला ही मंडळी वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होती, की मूळ निगेटिव्हवरून नीट डिस्क काढा. काही जण ब्लू-रेवर अडून बसले होते. ब्लू-रे लावायचं यंत्र त्यांच्यातल्या एकाकडेही नव्हतं.

ग्रुप चालवायचे ते सोलापूरकडचे निवृत्त मराठीचे शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत. हरवलेल्या ओळीत काय असेल यावर तिथे रोज तर्क लढवले जायचे. मी आठवडाभर नुसतं वाचलं आणि मग एका दुपारी लिहिलं की ती ओळ मला माहीत आहे, माझ्या आईने सिनेमा पडद्यावर पाहिला होता. माझ्या मोबाईलचा कीबोर्ड हिंदी, त्यावर ‘ळ’ शोधण्यात निम्मा वेळ जातो, तरी ओळ एका दमात लिहून झाली, कारण तिच्यात ‘ळ’ नव्हता.

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. लोकांनी ती ओळ डोक्यावर घेतली. सगळं गाणं इतकं गोडगोड, आणि मधेच ही बाई म्हणते की आता नाही येणार तो, ताट झाका. आणि नेमका तेव्हाच भाऊ उतरतो. हाच तर गाण्याचा प्राण आहे, असं एकाने लिहिलं. सरांनी ‘ठेवजो’ या एका शब्दावर लांबलचक टिपण लिहिलं. पुण्या-मुंबईचं मराठी बोलणाऱ्या नायिकेच्या तोंडी हा तापीकाठचा शब्द कसा आला, कवीचं आजोळ खानदेशात होतं का, वगैरे. मला ते वाचूनही काही खटकलं नाही. बुऱ्हाणपुरात केळीवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळेच ठेवजो म्हणतात. आमच्या कानांना तो शब्द वेगळा वाटतच नाही, तर तो सिनेमात कसा, हे कसं सुचणार?

लवकरच ती ओळ गाण्याच्या मधोमध लिहिली जाऊ लागली. कंपनीला गेलेल्या पुढच्या पत्रातही ती होती. मी रोज ग्रुप बघू लागले. शाळेतून आले की आधी मोबाईल, मग चहा. नवी डिस्क निघावी असं मलाही वाटायला लागलं, पण माझं कारण वेगळं होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. ती ओळ आईच्या नाही, नायिकेच्या आवाजात पूर्ण ऐकली, मधे काही न अडकता, तर मला रडू येईल असं मी ठरवून टाकलं होतं. दुसरा काही उपाय माझ्याजवळ उरला नव्हता.

यंदा दिवाळीच्या तोंडावर डिस्क खरंच आली. रविवारी सकाळी मी ती लावली. चित्र इतकं स्वच्छ की डोळे दिपले. इतकी वर्षं आम्ही जी साडी तपकिरी समजत होतो ती चांगली डाळिंबी निघाली. आकाशकंदील अख्खा दिसत होता. मी भाऊबीजेच्या गाण्यापर्यंत आले. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ झाली, ती थिजली नाही, आणि पुढचं म्हणाली:

रेशमाची साडी, सोन्याची पुतळी, भाऊराया आणी ग...

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. साडी आणि पुतळी. गाडी नाही, ताट नाही. रडू तर लांबच राहिलं, मी टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसले.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आग लागली होती. ओळ बदलली! कंपनीने मूळ ओळ काढून ही पुतळीची ओळ नंतर कोणाकडून तरी गाऊन घेतली, असा निष्कर्ष निघाला. ओठांची हालचाल शब्दांशी जुळत नाही, असंही एकाने ठामपणे सांगितलं. मला तर ती चांगली जुळलेली दिसली होती. सरांनी पत्राचा मसुदा टाकला, ‘मूळ ओळ परत करा’ अशा मथळ्याचा, आणि मला वेगळा निरोप पाठवला की पहिली सही तुमची हवी, कारण तुमच्या आईंची साक्ष हाच आपला मोठा पुरावा आहे.

मी भावाला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं, आणि विचारलं की आईने चुकीचं लक्षात ठेवलं असेल का.

“ताई, ते ओळ तं आईचीच होती ना,” तो म्हणाला. “मामासाठी म्हणे ती. तुले सच्ची मालूम नव्हतं?”

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं. त्याने सांगितलं की लहानपणी त्याने एकदा तिला स्वयंपाकघरात विचारलं होतं, टीव्ही बंद पडतो तर तुला पुढचं कसं येतं. तेव्हा ती हसून म्हणाली होती, मी माझं म्हणते. मग गेल्या वर्षी ग्रुपचं तुला सांगितलं तेव्हा बोलला का नाहीस, असं मी जरा चिडूनच विचारलं.

“मले वाटलं राहू द्या,” तो म्हणाला. “आई गेल्यापासून तू पहिल्यांदाच काही मन लावून करे.”

फोन ठेवला आणि मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. मामाचं आणि आमच्या घरचं बोलणं बंद होतं. का, ते आम्हा मुलांना कोणी सांगितलं नाही. त्याचं गाव रावेरच्या बाजूला, म्हणजे बसने येऊन-जाऊन दिवस मावळायच्या आत होणारं. तरी आई दर भाऊबीजेला आमच्या सगळ्यांच्या आधी त्याचं ताट वाढायची. वरण-भात, भाजी, वाटीत रव्या-तुपाचा गोड दराबा, कडेला लिंबू. आम्ही जेवायचो, ते ताट तसंच. दिवेलागणीला तिकडून येणारी शेवटची बस जाऊन गेली की ती मला हाक मारायची आणि साध्या आवाजात सांगायची, “ताट झाकून ठेवजो व माय.” मी वर दुसरं ताट पालथं घालायची. दुसऱ्या दिवशी बाबा ते अन्न गरम करून खायचे आणि त्यावर काही बोलायचे नाहीत. मामा एकदाही आला नाही. आईच्या मातीलासुद्धा आला नाही.

ताट झाकणारी मी होते. तीच मी, तेच शब्द दुपारी गाणं अडकलं की आईच्या गाण्यात ऐकायची आणि संध्याकाळी तिच्या साध्या बोलण्यात, आणि मला दोन्हींचा संबंध लागला नाही. शंभर माणसांना मी ती ओळ दिली, सरांनी एका शब्दावरून तापीचा काठ ओळखला, आणि मी मात्र शाळेतून येऊन चहा पीत बसले. मला माझी लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की सही करणार नाही. नव्या डिस्कवरची ओळच खरी आहे. मी दिलेली ओळ माझ्या आईने रचली होती, डिस्क अडकायची तेवढ्या जागेत बसेल अशी. तुमची दिशाभूल झाली याबद्दल माफ करा. शिव्या पडतील अशी तयारी ठेवली होती. एक-दोघांनी तोंडसुख घेतलंही. एका बाईंनी लिहिलं की खरी कुठलीही असो, मी आपली तुमच्या आईचीच म्हणणार. सरांनी मसुदा काढून टाकला आणि मला पुन्हा वेगळा निरोप पाठवला. आईंच्या आवाजात ती ओळ कुठे उतरवून ठेवली आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी लिहिलं, नव्या प्रतीत आईंना गायला जागा राहिली नाही, जुनी डिस्क मात्र जपून ठेवा.

भाऊबीजेला भाऊ आला. गेल्या वर्षी आला नव्हता, मोबाईलवरच ओवाळलं होतं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. मी पाट मांडला, त्याला ओवाळलं, त्याचं ताट वाढलं. तो म्हणाला, जुनी लाव. प्लेयरचा कप्पा आता आपोआप बाहेर येत नाही, नखाने ओढावा लागतो. त्याने तो ओढला, डिस्क ठेवली, हात धुऊन ताटापाशी बसला. रंग विटलेले, कंदील अर्धा, साडी तपकिरी. मला ते सगळं फार ओळखीचं वाटलं आणि बरंही वाटलं.

दुसरं कडवं आलं. पहिली ओळ झाली. नायिका तोंड उघडं ठेवून थांबली, आवाज गेला. शेजारचे माग सणामुळे बंद होते, घरात काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. मी आतल्या बाजूला बघितलं. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. भावाने घास हातातच धरला होता. त्याला गाता येत नाही, त्याने नुसतं म्हटलं, टीव्हीकडे बघत, हळू.

“शेवटची गाडी गेली ग बाई, ताट झाकून ठेवजो.”

मी उठले, फळीवरचं मोठं ताट काढलं आणि त्याच्या पुढ्यातल्या अर्ध्या जेवलेल्या ताटावर पालथं घातलं.

पडद्यावर तो दुसरा भाऊ बैलगाडीतून उतरला आणि गाणं पुढे सुरू झालं. माझा हात अजून ताटावरच होता, घट्ट. भावाने माझ्याकडे बघितलं, त्याने माझं मनगट धरलं.

“ताई,” तो म्हणाला, “मी आलो ना व.”

तेव्हा मला रडू आलं. आईचं आलं, आणि त्या सगळ्या झाकलेल्या ताटांचं आलं. मी बराच वेळ रडत होते, अगदी आवाज काढून. मग त्याने वरचं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि उरलेला भात खाल्ला.