हातांची रजा

फेब्रुवारी महिना, ऐन सुगी. वस्तीवरची सगळी माणसं रानात होती आणि कौशल्याबाई भर दुपारी ओट्यावर बसून होत्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले आणि हातांत जावयाचे जुने पायमोजे घातलेले.

शेजारच्या सत्यभामाबाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन समोरून चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"कौसल्ये, मेंदी लावली का गं हाताला?"

"मेंदी न्हाई. साय लावली."

"साय? ती खायाची असती बाई."

"मी भाकर खाते, हात साय खातेत. जा तू, भारा जड झालाय तुला."

सत्यभामाबाई गेल्या, पण दोन पावलं पुढं जाऊन "महाराणी बसलीय," असं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. कौशल्याबाईंना ते लागलं. उभ्या आयुष्यात त्या दिवसाउजेडी रिकाम्या बसल्या नव्हत्या, बाळंतपणातसुद्धा नाही. आज पाचवा दिवस होता. अजून दहा दिवस असंच बसायचं होतं, आणि त्या बसणार होत्या.

नऊ मार्चला त्यांना जर्मनीत हजर राहायचं होतं. त्या दिवशी त्यांच्या नातीला, सईला, एक वर्ष पुरं होणार होतं.

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या पलीकडच्या या डोंगरकडेच्या वस्तीवरून परदेशी गेलेली दिपाली पहिलीच. तिचे आईबाप, म्हणजे कौशल्याबाई आणि गहिनीनाथ, बावीस हंगाम ऊसतोडीला गेले. नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', असा तिकडचा हिशेब. माणसाला हत्याराच्याच नावानं ओळखायचं. पोर शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिली, बीडला नर्सिंग शिकली, जर्मन भाषेशी दोन वर्षं झटली आणि कासेल नावाच्या गावी रुग्णालयात नोकरीला लागली. मागून जावई प्रविण गेले. सई तिकडंच जन्मली. तिच्या जन्माच्या वेळी कौशल्याबाईंचा पासपोर्टही निघालेला नव्हता.

"आई, पहिल्या वाढदिवसाला तरी ये," दिपाली फोनवर म्हणाली होती.

"दिवस कंचा?"

"नऊ मार्च. सकाळी सहा वाजून बारा मिनिटं."

जन्माची मिनिटंही माहीत असतात, याचं कौशल्याबाईंना नवल वाटलं. त्यांच्या घरात कुणालाच स्वतःची तारीख नव्हती. त्यांचा आणि गहिनीनाथांचा जन्म आधार कार्डावर एक जानेवारीचा, कारण कार्ड काढणाऱ्याला काहीतरी भरायचं होतं. दिपालीचा एक जूनचा. तो शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिला. तिच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली होती. खरं म्हणजे ती साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत जन्मली. तेव्हा पट्टा पडायला, म्हणजे मार्चात हंगाम संपायला, आठ-दहा दिवस उरले होते, एवढंच आईला आठवत होतं. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पोर फडाच्या कडेला झोळीत असताना आणि आई ऊस तोडत असताना एका कोणत्यातरी दिवशी तिला वर्ष पुरं झालं. तो दिवस कोणता, हे कौशल्याबाईंना आजही सांगता येत नव्हतं. दिपालीनं लहानपणी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. हे सोडून देणंच आईच्या मनात सलत राहिलं होतं.

"येते," त्या म्हणाल्या. "नऊ म्हंजी नऊ. धाला न्हाई."

कागद पुतण्या रामेश्वरनं केले. लिंबागणेशला त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जानेवारीच्या शेवटी तो काकूंना घेऊन पुण्याला व्हिसाच्या केंद्रात गेला. तिथं एका काचेवर बोटं ठेवायची होती. आधी उजव्या हाताची चार, मग डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. कौशल्याबाईंनी बोटं ठेवली. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. रेशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा कधी उमटायचा नाही, पण तिथं दुकानदार ओळखीचा होता.

यंत्रामागच्या मुलीनं त्यांचे हात स्वतःच्या हातात घेऊन उजेडात पाहिले. बावीस वर्षांचं पाचट, कोयत्याची मूठ, राख, भांडी. बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

"मावशी, तुम्ही बीडकडच्या का?"

"कावून गं?"

"हे 'कावून'च सांगतं. माझं माहेर माजलगाव. शाईस्ता माझं नाव." मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे ठसे पुढं पाठवून उपयोग नाही. रेषा मेल्या नाहीत तुमच्या, झिजल्यात. हाताला आराम दिला की वर येतात. पंधरा दिवस कशाला हात लावू नका. भांडी नाही, धुणं नाही, रान नाही. रोज साय, तूप, काहीतरी चोळा. मी पुढची तारीख देते."

"पंधरा दिवस?" रामेश्वर हसला. "ताई, आमच्या काकू पंधरा मिनिटं बसत नाहीत."

"तुला काय ठावं?" कौशल्याबाई त्याच्यावर खेकसल्या, आणि शाईस्ताकडं वळून म्हणाल्या, "बसते. मला नऊ तारखेला जायाचंय."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. गहिनीनाथांनी बायकोचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"मंग सैपाक?"

"तुमी."

"धार?"

"तुमीच."

"अन् हरभरा?"

"तो बी उपटायचा हाय."

गहिनीनाथांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "बरं," ते म्हणाले. "पण भाकरीला नावं ठिवायची न्हाईत."

नावं ठेवण्यासारखीच भाकरी झाली. कडा करपल्या आणि मध्ये कच्ची राहिली. "बावीस हंगाम मोळ्या बांधल्या," गहिनीनाथ परातीशी झगडत म्हणाले, "पण ह्या पिठाला काय बांध बसंना!" कौशल्याबाई चुलीपासून हातभर अंतरावर, हात पाठीमागं बांधून उभ्या राहायच्या आणि तोंडानं भाकरी थापायच्या. "पाणी कमी... आता फिरवा... आवो, फिरवा म्हणलं, मारू नका तिला!" म्हैस गहिनीनाथांना दूध देईना. मग कौशल्याबाई तिच्या तोंडापुढं जाऊन बोलत उभ्या राहायच्या, आणि खालून गहिनीनाथ घाईघाईनं धार काढायचे. चौथ्या दिवशी म्हशीची समजूत पटली. भाकरीची शेवटपर्यंत पटली नाही.

सगळ्यात अवघड होतं ते हातांना समजावणं. कुठं काडी पडलेली दिसली की हात आपोआप पुढं जायचा. म्हणून तर पायमोजे घातले. ते घातले की आठवण राहायची.

अकराव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. गहिनीनाथांनी उपटलेला सगळा हरभरा अंगणापुढच्या खळ्यावर पडला होता. मळणीयंत्र उद्या यायचं होतं. वारा सुटला. गहिनीनाथ रानातून पळत आले आणि ताडपत्री ओढायला लागले. एक टोक दाबलं की दुसरं उडायचं. आजूबाजूला कुणी नव्हतं, जो तो आपापल्या ढिगाकडं धावत होता.

"कौसल्ये, धर की गं!" ते ओरडले, आणि लगेच त्यांचंच त्यांना उमगलं. "न्हाई, न्हाई! तू हात लावू नको! लांब हो!"

कौशल्याबाई ओट्यावरून उतरल्या. खळ्याशी जाऊन त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरले, उडणाऱ्या ताडपत्रीचं टोक पायानं दाबलं आणि त्यावर सरळ बसकण मारली. तिसरं टोक फडफडायला लागलं तेव्हा त्या तशाच बसल्या बसल्या सरकल्या आणि त्यावर आडव्या झाल्या. गहिनीनाथांनी दगड आणून एकेक कड दाबली. पाऊस आला, टपोरा आणि तिरका. कौशल्याबाई डोळे मिटून ताडपत्रीवर पडून राहिल्या, हात काखेत तसेच धरून.

पाऊस थांबल्यावर सत्यभामाबाई भिजलेल्या पदरानं आल्या. समोरचं दृश्य बघून त्या खळ्याशीच थबकल्या.

"अगं, हे काय सोंग?"

"हाताला सुट्टी हाय," कौशल्याबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "बाकीच्या अंगाला न्हाई."

सत्यभामाबाई पोट धरून हसल्या. मग कमरेला पदर खोचून त्यांनी कौशल्याबाईंना दंडाला धरून उठवलं. त्या दिवसापासून दोघांच्या भाकरी सत्यभामाबाईंच्या घरून यायला लागल्या, आणि सगळ्यात जास्त आनंद गहिनीनाथांना झाला.

दुसऱ्या खेपेला शाईस्तानं काच दोनदा पुसली. उजव्या हाताची चार बोटं, हिरवा दिवा. डाव्या हाताची तीन आली, करंगळी आली नाही; पुन्हा दाबली, आली. अंगठे पहिल्या फेरीत लाल, दुसऱ्या फेरीत लाल. रामेश्वर दाराच्या काचेतून बघत होता, त्याचा चेहरा पडला. कौशल्याबाईंनी मात्र हात मागं घेतला नाही. "अजून एकदा," त्या म्हणाल्या, जणू यंत्रालाच बजावत होत्या. शाईस्तानं त्यांच्या अंगठ्यांवर स्वतःची बोटं ठेवून हलकेच दाबलं. हिरवा.

"झालं, मावशी."

"नऊच्या आत येईल ना कागद?"

"ते माझ्या हातात नाही. दुआ करते."

कागद दोन मार्चला आला. सहा तारखेला कौशल्याबाई कासेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होत्या.

आणि सईनं त्यांना पाहून भोकाड पसरलं.

हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फोनच्या पडद्यावर जी आजी दिसली की पोर टाळ्या पिटायची, ती आजी आता खोलीएवढी मोठी होऊन समोर उभी होती. सई दिपालीच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशीही तेच. दिपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, लहान आहे गं ती. चेहरा पाठ होईल हळूहळू."

"मी कुठं काय म्हणते? तू तिला घेऊन बस." कौशल्याबाई जावयाचा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटून घेतलं आणि दिपालीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. "सयाबाई! ओ सयाबाई!" बाहेरच्या खोलीत पडद्यावर आजी दिसताच पोर खुदकन हसली. दोन दिवस आजी-नात एकाच घरात, भिंतीच्या दोन बाजूंनी, फोनवर बोलत होत्या. प्रविण म्हणाले, "लिंबागणेशला बसूनही हेच करता आलं असतं, सासूबाई."

"तिथनं हिचा वास येत न्हाई, प्रविणराव," कौशल्याबाई म्हणाल्या.

आठ तारखेला खालच्या मजल्यावरची म्हातारी शेजारीण जिन्यात भेटली. दिपालीनं तिला उद्याचं बोलावणं केलं, तशी तिनं शुभेच्छा न देता ओठांवर बोट ठेवलं. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, इकडं ते अशुभ मानतात, असं दिपालीनं आईला समजावून सांगितलं. कौशल्याबाईंना ती बाई एकदम पसंत पडली. "बरोबर हाय तिचं. दिवस तो दिवस."

नऊ मार्चला पहाटे सगळ्यांच्या आधी उठून कौशल्याबाईंनी आंघोळ केली. पुरण आदल्या रात्रीच शिजवून ठेवलं होतं. ताटलीत कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तुपाचं निरांजन मांडलं. सहा वाजायला आले तशी त्यांनी लेकीला आणि जावयाला हलवलं.

"आई, पाहुणे चारला येणार आहेत गं."

"पाहुणे चारला येऊ दे. ती सहा वाजून बारा मिन्टाला आली हाय ना?"

दिपाली झोपाळल्या सईला घेऊन आली. कौशल्याबाईंनी फरशीवर चादरीची घडी घातली होती. ह्या क्षणासाठी त्यांनी मनात एक चित्र धरलं होतं, पोर आपल्या मांडीवर असेल आणि आई तिला ओवाळील. त्यांनी हात पुढं केले. सईनं ओठ काढला. कौशल्याबाईंनी हात लगेच मागं घेतले. आजच्या दिवशी पोर रडायला नको.

"तूच बस तिला घेऊन," त्या दिपालीला म्हणाल्या. "मी ओवाळते."

प्रविण घड्याळ बघत होते. सहा वाजून बारा मिनिटं झाली तसे ते "आता," म्हणाले. कौशल्याबाईंनी सईच्या कपाळाला कुंकू टेकवलं, अक्षता लावल्या. मग तेच बोट त्यांनी दिपालीच्या कपाळाला लावलं.

"आई, माझा कुठंय आज?"

"आसंल बी. तुला काय ठावं? मला बी न्हाई ठावं." त्यांनी ताटली उचलली. "ह्याच दिवसांतली हायस तू. गप बस, हलू नको."

निरांजन मायलेकींपुढून सावकाश फिरलं, एकदा, दोनदा, तीनदा. सई ज्योतीकडं बघताना रडायचं विसरली आणि ती जिकडं जाईल तिकडं मान फिरवत राहिली. ताटली खाली ठेवून कौशल्याबाईंनी पुरणाचा एक कण तिच्या ओठाला लावला. तो तिनं चाटला आणि आणखी मिळावा म्हणून आजीच्या दिशेनं तोंड उघडलं.

इतक्यात फोन वाजला. लिंबागणेशला तेव्हा साडेदहा-पावणेअकरा झाले होते. म्हशीचं उरकून, अंगात धुतलेला सदरा घालून गहिनीनाथ पडद्यावर आले.

"झालं का ओवाळून? पोरगी रडली का?"

कौशल्याबाईंनी आधी नातीकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"बारकी न्हाई रडली," त्या म्हणाल्या. "थांबा, मोठीकडं देते फोन."