एम. बी. नावाचा रकाना

मला नागपुरातल्या संत्र्याच्या सरबताच्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली ती इंग्रजी शाळेमुळे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालकांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याच्याबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचायला त्यांना कुणीतरी हवं होतं. कुणाशी फारसं बोलावं लागणार नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

एका फ्लॉपीत गंमत होती. तक्त्यात आपण अटी लिहायच्या: रसाला गोडी इतकी तरी हवी, आंबटपणा याच्यावर नको. मग काटोलची संत्री किती, हिरवट किती, पिकलेला किती, असं सगळ्यात स्वस्त मिश्रण ते यंत्र स्वतः शोधून काढायचं. तोवर हे काम शेडमधल्या एक मावशी जिभेवर करत. पेल्यातला एक घोट, आणि ‘‘पिकलेले दोन क्रेट टाका गा.’’ बस्स.

यंत्राचं पहिलं उत्तर पाहून मालक खूश झाले. ‘‘आता जिभेचं काम संपलं. सोमवारपासून मावशींना साली उचलायला पाठवू.’’

मावशी दारातच होत्या. मालक गेल्यावर आत आल्या.

‘‘काहून वं मॅडम, याले जीभ हाये का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग हा चाखून राहिला कशानं?’’

मी जाडजूड पुस्तकाची अनुक्रमणिका चाळली. जीभ त्यात नव्हती. 

स्वस्त म्हणून यंत्रानं हिरवट संत्री भरपूर घेतली होती. ताजा रस छान लागला. मावशींनी त्यातला एक पेला माझ्या टेबलावर झाकून ठेवला. ‘‘उद्या पी.’’

दुसऱ्या दिवशी मी प्यायले आणि खिडकीकडे धावले. कडू!

‘‘कच्च्याचा रस ठेवला का कडू होते,’’ मावशी हसत म्हणाल्या. ‘‘उद्या किती होईन ते मले आजच समजते.’’ त्यांनी पाच बोटं पसरली. ‘‘हा एवढा कडू. दोनाच्या वर गेला का फेकाच.’’

कडूपणाची अट मी लिहिलीच नव्हती. मालकांना तोंडावर तसं सांगणं माझ्याच्यानं झालं नसतं. पण रकाना वाढवायला तोंड लागत नाही. नव्या रकान्यावर मी नुसतं ‘एम. बी.’ लिहिलं; म्हणजे मावशीची बोटं. अट: दोनाच्या वर नको. आणि तो रिकामा असेल तर यंत्रानं उत्तरच देऊ नये, अशीही सोय केली.

सोमवारी मालकांनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘हे एम. बी. काय?’’

मी अटीसाठीचा इंग्रजी शब्द पुढे केला. ‘‘कॉन्स्ट्रेंट, सर.’’

‘‘हां, मेमरीचे एम. बी.! कॉम्प्युटरला लागतातच. दुकानदार म्हणत होता, जेवढे जास्त तेवढं चांगलं.’’

‘‘इथे दोनच्या वर नको, सर.’’

‘‘येतात कुठून?’’

‘‘मावशींकडून. रोज सकाळी. दुसऱ्या कुणाला जमत नाही.’’ यात एकही शब्द खोटा नव्हता.

 मालक शेडच्या दिशेनं ओरडले, ‘‘मावशींना सालीवर पाठवू नका रे! कॉम्प्युटरला लागतात त्या!’’

मावशी पदराला हात पुसत आल्या. ‘‘काय केलं वं तू?’’

मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी पाठमोऱ्या मालकांकडे एकवार नीट पाहिलं आणि बोटं वर केली.

‘‘लिही मंग. आजचे मालक, चार.’’