नांदेडचा पेंटर

आधी मूर्खपणा कबूल करते, मग पुढचं सांगते. तरुणपणी मी एक बाप्या पैदा केला. घरात धडधाकट नवरा असताना. कितीतरी वर्षं त्याला पोसला, गावभर त्याची तारीफ केली आणि शेवटी तो माझ्याच उरावर बसला. तो कधी जन्मालाच आला नव्हता, हा भाग वेगळा.

माझे वडील नांदेडला दुकानांचे बोर्ड रंगवायचे. त्यांचे ब्रश धुता धुता अक्षर माझ्या हातात उतरलं. लग्न होऊन लातूरला आले आणि हा गुण ट्रंकेच्या तळाशी गेला. मग तो मोठा दुष्काळ पडला. तूर पिकली नाही म्हणून डाळमिल बंद, आणि डाळमिल बंद म्हणजे तिथं कामाला असणारे आमचे हे दिवसभर घरी. अशात दुष्काळी कामावरचा मुकादम दारात आला. "तलावाच्या कामावर पत्र्याचे बोर्ड लावायचेत. कुणी लिहिणारं हाय का वळखीचं?"

आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. सरळ म्हणावं ना, मी लिहिते! पण माझ्या तोंडून निघालं, "नांदेडला एक पेंटर हायत. लई नामी हात. त्यांच्याकडून करून आणते."

बाईनं लिहिलेला बोर्ड कोण घेणार, असं वाटलं होतं. तसं मला कुणी म्हणालं नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. नकार माझा मीच देऊन मोकळी झाले, आणि वर स्वतःला शहाणी समजले. ती पोरगी आज समोर आली तर पाठीत धपाटा घालीन.

मागच्या खोलीत बसून बोर्ड रंगवायचे. पाण्यावाचून चालणारा दुष्काळातला तो एकच धंदा. रंग तेलाचा आणि हात धुवायला रॉकेल. बोर्ड वाळला की पोत्यात गुंडाळून वर रस्त्याची धूळ उडवायची, म्हणजे एसटीच्या टपावरून आल्यासारखा दिसायचा. एवढी अक्कल होती, फक्त ती कुठं वापरावी याची नव्हती.

दुष्काळ हटला, डाळमिल सुरू झाली, पण माझं काम थांबलं नाही. किराणावाले, कापडवाले, डॉक्टर, सगळ्यांना नांदेडच्या पेंटरचाच बोर्ड पाहिजे. लांबून आलेल्या मालाला मान असतो. एका हॉटेलवाल्यानं त्याच्यासाठी पेरू पाठवले. ते मी खाल्ले. एकानं विचारलं, "पेंटर बिनलग्नाचे हायत का? मेव्हणी हाय माझी." तेव्हा घाईघाईनं त्याचं लग्न लावून दिलं. काम लांबलं की मी त्याला कावीळ करायची. आमचे हे म्हणायचे, "अगं, जरा जपून, मारशील बिचाऱ्याला."

मारला असता तर बरं झालं असतं. कारण अक्षर चांगलं आलं की लोक म्हणायचे, "पेंटर म्हणजे पेंटर!" आणि रंग जरा उडाला की, "बाई, तुम्हीच नीट सांगितलं नसंल त्यांना." शोभा त्याची, चूक माझी. भाव वाढवायला गेले तर ऐकून घ्यावं लागायचं, "तुम्ही मधल्या मधी कमिशन खाता. पेंटरचा पत्ता द्या, आम्हीच जातो." रात्रंदिवस कंबर मोडून मी माझ्याच धंद्यात दलाल झाले होते.

मग लातूर जिल्हा झाला. त्या साली पावसानं पुन्हा हात आखडला, पण बोर्डांचा सुकाळ. गावोगावच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव, ते सगळं बदलायचं. एका नव्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहायचं निघालं. ती भिंत ज्याची, त्यालाच उदगीर-अहमदपूरकडचे सगळे बोर्ड. मी गेले. तिथले हेडक्लार्क माझ्याच हातचा जुना बोर्ड दाखवून म्हणाले, "ह्याच पेंटरला घेऊन या."

"तुम्ही मजकूर द्या, मी करून आणते," मी सवयीनं म्हणाले.

"भिंत काय एसटीत घालून नांदेडला न्हेता का, बाई? परवापर्यंत माणूस हजर करा. न्हाई तर सोलापूरचा एक बसलाय टपून."

तरीसुद्धा मी काय करावं? खरं सांगावं? छे! दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडची एसटी धरली. तिथला कुणीतरी पेंटर भाड्यानं आणून 'हाच तो' म्हणून उभा करायचा, असा बेत.

अहमदपूरला गाडी चहाला थांबली. स्टँडासमोर एका कापड दुकानावर माझा बोर्ड होता. त्याखाली उभा राहून एक पागोटेवाला म्हातारा सोबत्याला सांगत होता, "हा नांदेडच्या पेंटरचा हात. म्या बघितलाय त्याला. उंचापुरा गडी हाय!"

हल्लीच बचत गटाच्या बायकांनी मला विचारलं, "आजी, धंद्यात आत्मविश्वास कसा आणायचा?" मला काय माहीत! माझ्यात आत्मविश्वास वगैरे काही आला नव्हता. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. माझा हात, माझं रॉकेल, माझे फुटलेले तळवे, आणि हा म्हातारा उंचापुरा गडी बघून आला होता! पिशवी घेऊन खाली उतरले आणि समोरून येणारी लातूरची गाडी धरली.

ठरल्या दिवशी कचेरीत पोचले. शिडी आमच्या ह्यांच्या खांद्यावर.

हेडक्लार्क त्यांना म्हणाले, "या पेंटर, या!"

"मी शिडी धरणारा," हे म्हणाले.

"पेंटर मीच," मी म्हणाले. "नांदेडला कुणी न्हाई. कधी नव्हतंच. सगळे बोर्ड माझेच."

हेडक्लार्क पोट धरून हसले. "बाई, कमिशन वाचवायला काय बी सांगता व्हय!"

मी पदर खोचला आणि वर चढले. खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर रेघा मारल्या. खाली गर्दी जमली. "अवं, पडंल ती बाई!" "हिला कुणी चढवलं?" पहिल्या अक्षराची मात्रा आजही माझ्या डोळ्यांपुढं वाकडी दिसते. मग मी खाली बघायचंच सोडलं. जेवायची सुट्टी झाली, कचेरी पुन्हा भरली, ऊन भिंतीवरून सरकून गेलं. शेवटचं अक्षर भरून उतरले आणि ब्रश रॉकेलात बुडवले.

हेडक्लार्क बाहेर आले. चष्मा पुसून भिंत बघितली. मग माझा तो जुना बोर्ड आणवला, भिंतीशी धरला, एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं आणि म्हणाले, "काम बरं झालंय, बाई. बाकीचे बोर्ड बी तुम्हीच करा. पण राग मानू नका, खरं सांगतो, नांदेडच्या पेंटरच्या हाताची सर न्हाई."